जपलेला गुडघा

बर्फावर घसरायला शिकायचं म्हणून मी लोणावळ्यात सायकल चालवतोय, हे त्या वेळी कुणाला सांगितलं की तो आधी हसायचा आणि मग याच्या घरी कुणी विचारणारं आहे की नाही, अशा नजरेनं बघायचा. मी चिडायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एका कचेरीत कारकून होतो, वय पंचविशीचं, आणि माघात गुलमर्गला होणाऱ्या स्कीइंगच्या शिबिरासाठी माझी निवड झाली होती. साहेबांनी कुरकुरत का होईना, रजा मंजूर केली होती. राहिली होती फक्त डॉक्टरी तपासणी. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: गुडघ्याला किंवा घोट्याला ताजी दुखापत असेल तर जागा दुसऱ्याला दिली जाईल. तपासणी सोमवारी होती. मी सांगतोय ते आदल्या रविवारचं.

दिवाळी होऊन गेली की तुंगार्लीच्या तलावामागच्या डोंगरावरचं गवत पिवळं पडतं आणि वाटा वाळून टणक होतात. दर रविवारी मी सायकल ढकलत पठारावर न्यायचो आणि बैलगाडीच्या वाटेनं सुसाट खाली यायचो. उतारावर तोल सांभाळायची सवय व्हावी, पाय घट्ट व्हावेत, एवढाच हेतू. सायकल साधी, काळी, दूधवाल्याची असते तसली. मडगार्ड काढून टाकले होते. पुढचा ब्रेक मुद्दाम सैल करून ठेवला होता, कारण उतारावर तो दाबला की माणूस हँडलवरून पुढे जातो. हे शहाणपण माझंच, कुणाला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तपासणी म्हटल्यावर शहाण्या माणसानं घरी गप्प बसावं. मला राहवेना. शेवटचा एकदा, म्हणून गेलो.

निम्मा उतार झाला आणि मागच्या ब्रेकचा रबर निसटून पडला. मूठ आवळली की नुसतं लोखंड रिमवर खरवडत होतं, वेग कमी होईना. वाटेच्या एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला पुरुषभर खोल घळ. वळण घेतलं तर पुढे गवताचे भारे चाललेले.

वाडीवरची पाच-सहा माणसं होती. या दिवसांत डोंगरावरचं गवत कापायचं आणि खाली गोठ्यांना पोचवायचं, हेच त्यांचं काम. भारा डोक्यावर घेतला की गवत डोळ्यांवर येतं, पुढच्याच्या टाचांशिवाय काही दिसत नाही. सगळे दरडीला धरून एका ओळीत उतरत होते. घळीच्या बाजूनं सायकल जाईल एवढी जागा होती. मी ती हेरली आणि जोरानं घंटी वाजवली.

गावात घंटी वाजली की माणूस आहे त्याच कडेला आणखी सरकतो. इथे उलटं झालं. त्या वाटेवर मागून घंटी ऐकू आली म्हणजे बैलगाडी. आणि गाडीला दरडीकडची बाजू द्यायची, पायी माणसानं बाहेरच्या कडेला व्हायचं, कारण भरल्या गाडीच्या चाकानं कड ढासळते. शेवटची बाई चटकन बाहेर सरली, ती नेमकी माझ्यासमोर. पुढचे अजून दरडीशीच. वाट बंद.

दरडीला करवंदीची जाळी होती, खाली दगड. सायकल त्यात घालून अंग टाकलं असतं तर मी थांबलो असतो. मला ते लख्ख दिसत होतं. हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही: मला बाई दिसली, दगड दिसले, आणि डोक्यात आला तो माझा गुडघा. मी हँडल वळवलं नाही. नुसता ओरडलो, "बाजूला! बाजूला!"

हँडल भाऱ्यात घुसलं. ती भाऱ्यासकट गर्रकन फिरली आणि हातावर पडली. मी उडालो तो तिच्याच गवतावर. मला साधं खरचटलंही नाही.

"कुटं लागलं का रं तुला?" तिनंच आधी विचारलं. तिचा उजवा हात मनगटाशी वाकडा झाला होता.

"नाही, मावशी."

ओळीत सगळ्यात पुढे असलेला म्हातारा भारा टाकून वर आला. "गाडी आली म्हनून ती भायेर सरली. तुमी आतनं का न्हाई आला?"

"ब्रेक लागला नाही हो, आबा."

"व्हय, यंत्राचं काय सांगावं," म्हणून तो उलट माझीच समजूत घालू लागला. ब्रेक लागला नव्हता, हे तर खरंच होतं. त्या खऱ्याच्या आड मी लपलो.

त्यांनी कारवीच्या काटक्या लावून, फडक्यानं तिचा हात बांधला. तिला कॅरिअरवर बसवून मी सायकल ढकलत दवाखान्यात आणली. वाटभर तिचं एकच चाललेलं, "लय गवत उभं हाय अजून. आता कापायचं कसं?" डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि दीड महिना सांगितला. तेवढ्यात गवताचा हंगाम संपतो. लाजेनं मला तिच्याकडे बघवेना. पण घरी आल्यावर आधी काय केलं असेल, तर दोन्ही गुडघे दाबून पाहिले.

सोमवारी तपासणीच्या डॉक्टरांनी विचारलं, "अलीकडे कुठे पडलाबिडलात का?"

"नाही," मी म्हणालो. त्यांनी सही केली.

पुढचे तीन रविवार तिच्या वाटणीचं गवत कापायला वाडीवर गेलो. विळा मला नीट धरता येत नव्हता. माझ्या चार मुठी होईतो बाकीच्यांचा भारा व्हायचा. पोरगा भला आहे, असं वाडीवर माझ्याबद्दल बोलू लागले. ते मला ऐकवत नसे. चौथ्या रविवारी मी गेलोच नाही.

गुलमर्गला पहिल्या दिवशी उभं राहायलाही शिकवलं नाही. शिकवलं ते पडायला. समोर माणूस आला आणि थांबता येत नसेल, तर विचार न करता कुशीवर अंग टाकायचं, दिवसभर एवढंच. बाकीचे बिचकत होते. मी पहिल्याच खेपेला धाडकन पडलो. मास्तर खूश झाले. सगळ्यांना थांबवून म्हणाले, याच्याकडे बघा, पडावं तर असं. आणि मग मला विचारलं, आधी कुठे शिकलास?

मी मान खाली घालून अंगावरचा बर्फ झटकत राहिलो.