विहिरीच्या काठावरची सातवी खाच

गावात टपाल वाटण्यात तिची उमर गेली, आणि निवृत्त झाल्यावरही पाय काही घरी टिकेनात. एके काळच्या या ओसाड माळावर सगळ्यात आधी कोणती घरं येऊन राहिली, हे शोधायचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं आणि गावाने तिचं नाव ठेवलं चौकशीबाई. नवरा म्हणायचा, "आता मेलेल्यांचे पत्ते शोधतेय!" ती हसायची आणि सायकल काढायची.

पुरावा दिला तो जुन्या विहिरीने. दगडी काठावर दोर घासून खोल खाचा पडल्या होत्या. पूर्वी विहीर खणणाऱ्या प्रत्येक घराची पाणी ओढायची जागा ठरलेली, आपापल्या गल्लीच्या अंगाला. खाचा सहा, म्हणजे पहिली घरं सहा! गाव इतकं हरखलं की लगेच पाथरवटाकडून सहा मूळपुरुषांची नावं दगडावर कोरून घेतली.

लोहारआजी मात्र हटून बसली. "आमचं घर पहिल्या दिवसापासूनचं आहे."

"आजी, लोहार मागाहून बोलावून आणला म्हणतात सगळे."

"मग पहारींना धार कुणी लावली? विहीर काय नखांनी खणली?"

चौकशीबाईला ते पटलं. पण पुराव्याशिवाय नाव नाही, हा नियम तिचाच. आजी म्हणजे पिकलं पान. डोळे मिटायच्या आत सासरचं नाव दगडावर बघायचं, एवढा एकच ध्यास तिने घेतला होता. चौकशीबाईच्या जिवाला ते फार लागलं होतं.

दगड रोवायच्या दिवशी सगळा गाव विहिरीवर लोटला, लोहारआजी तेवढी घरी बसून राहिली. दगडाला जागा करायला पाथरवटाने काठावर बांधलेला पंपाचा सिमेंटचा ओटा फोडायला घेतला. एक मोठी ढलपी निघाली आणि खालून जुना काठ उघडा पडला. चौकशीबाईने वाकून बोट फिरवलं आणि ती किंचाळलीच, "थांबा! कुणी हात लावू नका!"

खाच होती. चांगली बोटभर खोल, आणि थेट लोहारगल्लीच्या अंगाला!

मग काय विचारता! ती चपला तिथेच टाकून सायकलवर सुटली आणि आजीला मागे बसवून घेऊनच आली. आजीने त्या खाचेत हात ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. पोरंठोरं नाचायला लागली. सहा घरची माणसंसुद्धा टाळ्या पिटत होती.

"बोला आजी," पाथरवट म्हणाला, "कुणाचं नाव घालू? सासऱ्यांचं?"

"ते कशाला? ते भात्यापाशी बसलेले असायचे. दोर ओढून ओढून दगड कापला तो सासूबाईंनी. त्यांचं घाल."

सगळ्यांच्या नजरा दगडाकडे वळल्या. दगडावर सहाही नावं पुरुषांची होती. मग बायकांच्या घोळक्यातून हशा फुटला, आणि तो काही थांबेना. पाथरवटाने डोकं खाजवलं आणि दगड उलटा करून मागची कोरी बाजू वर घेतली.

"मग बाकीच्या सहाजणींची नावं सांगा, बाई."

चौकशीबाईला त्या घरांचे आजे-पणजे तोंडपाठ होते. बायको एकाचीही ठाऊक नव्हती. तिचा चेहरा लालबुंद झाला, पण तो क्षणभरच. "छिन्नी खाली ठेवू नका, आलेच मी!" म्हणत तिने अनवाणीच पायडल मारलं.

आजी पाथरवटाशेजारी ऐसपैस बसली. "तू आमच्या सासूबाईंचं घे कोरायला," ती म्हणाली. "बाकीच्या येतील मागाहून."