मांडवगण नावाचं फोल्डर

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का ते विचारू नका.

न्हावऱ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. कॉम्प्युटरवर हात असा बसलाय की गप्पा मारता मारता फाइली इकडच्या तिकडे करतो. बढाई नाही, कुणालाही विचारा. पद्धत एकच — लग्न ज्या गावचं, त्या गावाच्या नावाचं फोल्डर.

मांडवगणच्या शकीलमामांच्या मुलीच्या निकाहाचे फोटो माझेच. मामींनी जन्मभर कॅमेरा टाळला, त्या दिवशी मात्र लेकीचा चेहरा ओंजळीत धरून बसल्या आणि म्हणाल्या, "काढ आता." पुढं त्या आजारी पडल्या, अल्बम राहूनच गेला. मामी गेल्या. मग मामा जावयाचा पेनड्राइव्ह घेऊन आले. फक्त तुझ्या मामीचे फोटो दे, म्हणाले.

फोल्डर उघडलं — आत दुसऱ्याच लग्नाचे फोटो. मांडवगणचंच आणखी एक लग्न मी त्याच नावानं त्याच जागी ओढून टाकलं होतं. कार्ड कोरं केलं की माझा कॅमेरा पुन्हा एकपासून नंबर देतो, म्हणजे फाइलींची नावंही तीच. जुन्यांच्या जागी नव्या टाकू का, असं कॉम्प्युटरनं विचारलंही असणार. मी न वाचता 'हो' दाबलं. मला काय वाचायची गरज?

इथवर चूक होती. पुढचं — पुढचं चूक नाही. मी म्हणालो, "मामा, जावयाच्या पेनड्राइव्हमदी व्हायरस हाय. लावल्या लावल्या समदे फोटो गेले."

मामांनी पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला. "तू म्हंतोस म्हंजी तसंच आसंल."

गेलेल्या फाइली काढून देणारे पुण्यात आहेत, हे मला ठाऊक होतं. कदाचित मिळाल्याही असत्या. पण काय झालं ते तिथं सांगावं लागलं असतं, आणि गोष्ट गावात आली असती — एवढ्याला मी घाबरलो. त्याच दुपारी पुढचं लग्न त्या डिस्कवर भरलं, म्हणजे आता त्या फाइली कुणालाच काढता येणार नव्हत्या. त्याची लाज अजून वाटते.

जावई सणसवाडीला कंपनीत आहे, सरळ माणूस. मामा त्याच्या दारात पाऊल ठेवत नाहीत. लेक एकटीच माहेरी येते. परवा ती मुलाचा पासपोर्ट फोटो काढायला आली. म्हणाली, "भाऊ, आमच्या ह्यांच्यामुळं अम्मीचे फोटो गेले, तरी तुमी त्यास्नी एका शब्दानं बोलला न्हाई."

"जाऊ द्या ताई," मी म्हणालो, "व्हतं माणसाकडनं."

असं मी त्याला माफही करून टाकलं.