डॉर्कसच्या हातची वीण

आमच्या गावात टेकडीवर चर्च आणि खाली धक्क्याजवळ चॅपल. देव एकच, पण भांडायला घरं दोन हवीत ना! चॅपल आम्हा कोळ्यांचं, हेरिंग मासळीच्या कमाईतून बांधलेलं. रविवारी मासळी उड्या मारो, होडी पाण्यात लोटायची नाही म्हणजे नाही!

मागच्या बाकावर डॉर्कस स्टॉर एकटीच बसायची. तिचा नवरा जेबेझ गेला तो बोटीसकट. मूल ना बाळ. निदान त्याचा देह पुरायला तरी मिळू दे, एवढंच ती मागायची.

महिनाभरानं समुद्रानं एक प्रेत किनाऱ्यावर टाकलं. तोंडावळा उरलाच नव्हता. पण अंगात स्वेटर होता, आणि आमच्याकडे घराघराची वीण वेगळी. बुडालेला माणूस तिच्यावरूनच ओळखायचा. दोराचा पीळ, मध्ये शिडी, म्हणजे स्टॉरांचाच! सगळ्यांनी टोप्या काढल्या.

"डॉर्कसबाई, देवानं ऐकलं तुमचं," आमचे उपदेशक एनॉक म्हणाले. "रविवारी चॅपलमध्ये त्याचं नाव वाचतो."

तिनं बाहीवरून हात फिरवला. बाही मनगटाशी दोनदा दुमडलेली. आणि जेबेझचे हात तर वल्ह्याएवढे लांब, त्याला कुठलीच बाही पुरायची नाही.

"वीण माझी आहे," ती म्हणाली. "माणूस माझा नाही."

"अगं बये, हो म्हण की!" शेजारीण हॅना कुजबुजली. "कोण विचारतंय? रडायला एक जागा तरी होईल."

डॉर्कसनं ती बाही पुन्हा नीट दुमडली. आता होकाराची मान हलवणार, असंच वाटलं सगळ्यांना.

"याचीही कुणीतरी वाट बघत असेल," ती शेवटी म्हणाली. "बोटीवरचा नवा गडी असणार. कुणी कुडकुडताना दिसला की आमचं येडं अंगातलं काढून द्यायचं."

बिननावाची प्रेतं वर चर्चच्या कुंपणाशी जायची. तिनं मात्र त्याला चॅपलच्या आवारात, जेबेझसाठी राखलेल्या जागेत ठेवायला लावलं.

"आणि जेबेझ सापडला तर?" एनॉकनी विचारलं.

"माझी जागा आहे की शेजारी. ती त्याला."

जेबेझ काही सापडला नाही. दर रविवारी ती त्या बिननावाच्या थडग्यापाशी बसायची. लोकांना वाटायचं, प्रार्थना करते. मी तिथलं गवत कापायचो, म्हणून मला ऐकू यायचं.

"तुला स्वेटर दिला तेव्हा," ती विचारायची, "त्याच्या स्वतःच्या अंगात काय होतं रे?"