कॉफी भाजताना ती विचारायची

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. आमच्या कॉलनीत माझ्या कॉफीचं नाव आहे. कुणाकडं पाहुणे आले की फोन येतो, "काका, थोडी पूड मिळेल का?" मी पूड देतो, कौतुक ऐकून घेतो आणि गप्प बसतो. ती कॉफी माझ्या बायकोची. भाजणं तिचं. ते माझ्याकडं कसं आलं, हे आता लिहून ठेवतो.

तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कानडी मुलखात. ती लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घरात फक्त चहा व्हायचा. तिचा भाऊ चिकमगळूरकडून कापडी पिशवीत कॉफीच्या हिरव्या बिया आणायचा. त्या ती लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायची, उलथनं सतत फिरत असायचं. आधी ओल्या गवतासारखा वास, मग भाजक्या शेंगांचा. बिया लाह्यांसारख्या तडतडू लागल्या की ती डोळे मिटून नाक वर करायची. "झालं," म्हणायची आणि बिया सुपात ओतायची. पाखडताना फोलपटं अंगणभर उडायची.

ऑफिसातून सायकलवर येताना गल्लीच्या तोंडाशीच मला कळायचं, आज भाजणं झालंय. सोलापूरच्या उन्हाळ्यात लोक ताक मागायचे आणि मी घाम पुसत गरम कॉफी प्यायचो. आई म्हणायची, "सुनेनं तुला वेड लावलंय बघ." लावलंच होतं.

कोरोनात आम्ही दोघं आजारी पडलो आणि दोघंही उठलो. पुढं एका रविवारी माझे ऑफिसातले जुने मित्र बऱ्याच दिवसांनी घरी जमले. तिनं हौसेनं बिया भाजल्या. मी पहिला घोट घेतला तर नुसता करपट कडू.

"ही कॉफी नव्हे, राखुंडी आहे," मी म्हणालो. "पिऊ नका रे, दात घासा."

"मग वहिनी, ब्रश पण आणा की!" एकजण म्हणाला. सगळे खो खो हसले. मला आणखी चेव आला. "हल्ली हिचं लक्ष सगळं मोबाइलमध्ये," मी म्हणालो. हे तर खोटंच होतं. तीही हसली आणि कप गोळा करून आत गेली.

पुढच्या वेळी तिनं कढई माझ्यापुढं ठेवली. "आता तुम्हीच भाजा. माझा हात दुखतो."

मी भाजायला लागलो. ती दाराशी स्टुलावर बसायची.

"काय वास येतोय?"

"येतोय की नेहमीचा."

"नीट सांगा ना. गवताचा का शेंगांचा?"

"तू इथंच बसलीयस की! माझी परीक्षा घेतेस काय?"

मग ती काही विचारायची नाही. तडतड ऐकून तेवढं "उतरवा" म्हणायची. माझी कॉफी जमली. मित्र म्हणाले, "वहिनींपेक्षा तुझा हात चांगला." मी नाही म्हटलं नाही.

एका दुपारी मला बाहेरच्या खोलीत डुलकी लागली होती. जळक्या वासानं जागा झालो आणि आत धावलो. ती गॅसकडं पाठ करून मेथी निवडत होती आणि मागं पातेल्यात दूध जळत होतं.

"अगं, दूध!"

ती वळली. आधी पातेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मला वास येत नाही," ती म्हणाली. "त्या आजारापासून. कशाचाच."

"सांगायचं नाही का?"

"वाटलं, येईल परत. आणि त्या दिवशी सगळे हसत होते की."

पातेलं मी घासलं.

त्यानंतर भाजताना मी न विचारता सांगू लागलो. आता गवत आहे. आता शेंगा, जरा खरपूस. आता गूळ पाकाला आल्यासारखं काहीतरी. ती डोळे मिटून ऐकायची. कधी म्हणायची, "गूळ नसेल हो, अजून वेळ आहे त्याला," आणि तिचंच बरोबर निघायचं.

पण जे बोलायचं होतं ते राहिलं. ज्यांच्यासमोर हसलो त्यांच्यासमोरच बोलावं, असं मी ठरवलं. मित्रांना बोलावलं. ती ट्रे घेऊन आली तसा मी उठून उभा राहिलो. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"काय हवंय?" तिनं विचारलं.

"बिस्किटं राहिली आत," मी म्हणालो.

ती आत जाऊन बिस्किटं घेऊन आली. पुढं असे बरेच रविवार आले. गेल्या हिवाळ्यात ती गेली.

आजही बिया भाजल्या. स्टूल दाराशीच आहे. त्या दिवशी उभं राहून जे म्हणायचं होतं ते मी पाठ केलं होतं, अजून पाठ आहे: सगळ्यांसमोर मी तुला हसलो, माझं चुकलं.