स्वरानं दार उघडलं नाही

मंडळी, माझं डोकं चालत नाहीये, म्हणून तुम्हालाच विचारतोय.

मी आणि बायको दोघंही चाकणला कंपनीत. रहाटणीच्या घरी दुपारी माझे वडील, म्हणजे अण्णा, आणि सहा वर्षांची लेक स्वरा असे दोघंच असतात. "ओळखीचं कुणी असलं तरी दार उघडायचं नाही," हे मी स्वराकडून रोज सकाळी म्हणवून घेतो. कंपनीत आमच्याकडून सेफ्टीचे नियम म्हणवून घेतात, तसंच.

आज अण्णा बाथरूममध्ये घसरून पडले. स्वरानं त्यांच्या फोनवरून आम्हाला कॉल केले, पण कंपनीत प्रॉडक्शन लाइनवर मोबाइल नेऊ देत नाहीत. दोघांचेही लॉकरमध्ये.

अण्णांचं कण्हणं ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या. "बाळा, कडी काढ, मी आहे ना."

"पप्पांनी उघडू नको सांगितलंय, काकू." पोरगी आतून रडत होती, पण कडी काढेना.

शिफ्ट सुटल्यावर मी मिस्ड कॉल पाहिले, उलट फोन करून उघड म्हणालो, तेव्हा कुठे तिनं दार उघडलं. तोवर पाऊण तास अण्णा ओल्या फरशीवर.

हाड मोडलं नाही, नशीब. अण्णा म्हणतात, "तिला बोलू नको. तिनं तुझंच ऐकलं."

मी घरी पोचलो तर स्वरानं पहिलं विचारलं, "पप्पा, मी बरोबर केलं ना?"

हो म्हणू, तर अण्णा डोळ्यांसमोर येतात. नाही म्हणू, तर उद्या ती कुणालाही दार उघडेल.

उद्या परत फर्स्ट शिफ्ट आहे. निघताना तिच्याकडून काय म्हणवून घेऊ?