टिटवीनं राखलेली बी

कळंबच्या एका रिसॉर्टवर मी झाडं बघतो. दोन वर्षांपूर्वी घरच्या शेतात स्ट्रॉबेरी लावली होती. चैत्राच्या उन्हात ती अशी करपली की पुढं वर्षभर गावात चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी विचारायचं, "काय रं, लाल झाली का?" तेव्हापासून नवं काही लावायचं तर गुपचूप, असं मी ठरवून टाकलं.

त्याच्या पुढच्या थंडीत रिसॉर्टवर एक निवृत्त बाई आल्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. जाताना त्यांनी ओल्या फडक्यातल्या अकरा बिया माझ्या हातावर ठेवल्या. दक्षिणेकडच्या सह्याद्रीत, सदाहरित जंगलातल्या कड्यांवर होणारा एक रानटी माड आहे, नारळाचा नव्हे. त्याचा कोवळा कोंब हत्तींना फार आवडतो, म्हणून हत्ती चढू शकत नाहीत अशा जागीच तो उरलाय. बाईंनी घरामागं एक वाढवला होता. तो शेजारच्या बांधकामात गेला, आणि ही त्याच्या शेवटच्या घडाची बी. "सावली, ओल आणि धीर," बाई म्हणाल्या. "वर्षभरसुद्धा लागेल. उकरून बघू नका." मी हो म्हटलं.

आमच्या शेतात सगळ्यात भुसभुशीत माती राबाची. राब म्हणजे भाताची रोपं करायची जागा. उन्हाळ्यात तिथं शेण, टहाळ, पालापाचोळा पसरून भाजतात आणि पावसाच्या तोंडावर भात पेरतात. ऐनाच्या झाडाच्या सावलीतला राबाचा कोपरा मी धरला, बिया पुरल्या, वर पेंढा टाकला आणि खूण म्हणून भोवती नदीतले गोटे मांडले. घरात कुणाला चकार शब्द बोललो नाही; राब भाजायची वेळ आली की सांगू, असा हिशेब होता. कामावरून येताना दोन तांबे पाणी घालायचो आणि स्वतःच्या हुशारीवर खूष व्हायचो.

होळीला लागून सुट्ट्या आल्या आणि आठ दिवस रिसॉर्टवरच मुक्काम पडला. परत आलो तर सगळा राब काळाकुट्ट. वडील बांधावर बसून समाधानानं बघत होते.

"औंदा लवकर उरकला," ते म्हणाले. "कसा भाजलाय बघ."

माझं डोकंच फिरलं. मी तोंडाला येईल ते बोललो. बाई, माड, हत्ती, शेवटचा घड, सगळं त्या रागातच बाहेर पडलं. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आधी का नाय सांगितलंस रं?"

मग ते उठले आणि मला ऐनाखाली घेऊन गेले. तिथं सुपाएवढी जागा भाजायची राहिली होती. मी मांडलेल्या गोट्यांत, गोट्यांच्याच रंगाची चार अंडी होती, आणि डोक्यावर टिटवी बोंब ठोकत होती. टिटवीची अंडी आमच्याकडं कुणी हलवत नाही. वडिलांनी भोवतीचा पाला ओढून काढला होता आणि तेवढा तुकडा सोडून बाकीचा राब पेटवला होता.

आता खाली बिया भाजल्या की वाचल्या हे कळायला मार्गच नव्हता. टिटवी जवळ फिरकू देईना, आणि बाईंनीही उकरायला मनाई केलेली. दर रविवारी बाईंचा फोन यायचा, "कोंब दिसला?" मी "अजून नाही" म्हणायचो आणि पुढचं गिळायचो. पिल्लं चालती झाली. भात पेरलं, रोपं उपटून लावणीही झाली. वडिलांनी त्या सुपाएवढ्या जागेत एक दाणा पडू दिला नव्हता.

गौरी यायच्या आदल्या दिवशी ते तिथलं गवत काढत होते. अचानक हाक आली, "हे गवत नाय वाटत रं. बघ जरा."

तीन कोंब होते. त्यातल्या एकाचं पान उघडलं होतं, मासोळीच्या शेपटीसारखं दोन टोकांचं. मी तिथंच चिखलात बसलो आणि बाईंना फोन लावून सगळं कबूल केलं, राबासकट. त्या आधी बराच वेळ हसल्या, मग थोड्या रडल्या. मग म्हणाल्या, "वडिलांना द्या फोन."

"आमी काय केलं नाय," वडील फोनवर ओरडून सांगत होते. "टिटवीनं राखली."

आता ती तीन रोपं घरामागं आंब्याच्या सावलीत कुंड्यांत आहेत. वडील येईल त्याला ती दाखवतात आणि हत्तीची गोष्ट माझ्यापेक्षा रंगवून सांगतात. स्ट्रॉबेरीचं नाव गावात कुणी काढत नाही.

यंदा राब भाजला तेव्हा मी घरीच होतो. ऐनाखाली सुपाएवढी जागा पुन्हा कोरी सोडलेली दिसली. टिटवी यंदा आलीच नव्हती, अंडी नव्हती, बियाही नव्हत्या. मी विचारलं, "बाबा, हे कशाला सोडलं?"

वडिलांनी टहाळ सारखं करता करता माझ्याकडं बघितलं.

"तू काय पुरून ठेवलंस ते आमाला कुठं सांगतोस?" ते म्हणाले.