लाल गोळ्या आणि लावणीचं टोक

१२ जुलै १९८४. वाफ्यातली भाताची रोपं उपटून झाली होती आणि मी त्यांच्या मुठी बांधत होते, तेही बांधावर पाय पसरून. आठवड्यापूर्वी चिखलात घसरले आणि डावा गुडघा नारळाएवढा सुजला. लावणीत ओळीच्या टोकाला दरवर्षी मी असे. माझ्या हाताच्या वेगानं बाकीच्या बायका चालत. त्या वर्षी टोकाला धाकटी जाऊ होती.

महिन्यापूर्वी तिचाही घोटा असाच सुजला होता. तिचा भाऊ पुण्यात कंपाउंडर. त्यानं सुजेच्या लाल गोळ्या पाठवल्या आणि आठवड्यात ही पळायला लागली. माझे भाऊ शेतकरी. माझ्या वाट्याला हळदीचा लेप. तिनं उरलेल्या चार गोळ्या मला आणून दिल्या, न मागता. तेच जास्त झोंबलं.

मला गोळी गिळायला जमत नाही. नेहमीसारखी कुटून, गुळात कालवून, जेवणावर घेतली. तीन गोळ्या संपल्या तरी सूज जागच्या जागी. माझी खात्रीच झाली, की हिनं चांगल्या गोळ्या ठेवून मला भलत्याच दिल्या, टोक हातचं जाऊ नये म्हणून. तसं सासूबाईंच्या कानावरही घातलं.

त्या संध्याकाळी तिचा भाऊ पुण्याहून पौडमार्गे एसटीनं आला. सासूबाईंनी सगळ्यांदेखत उरलेली गोळी त्याच्यापुढे धरली आणि ही तीच का, म्हणून विचारलं. तीच होती. कशी घेता, असं त्यानं मला विचारलं. मी सांगितलं.

"अक्का, कुटली म्हंजी वाया गेली," तो म्हणाला. "मटणात कच्ची पपई घालता न्हवं? तसलंच पाचक हाय ह्यात. पोटात ते मरू नये म्हणून वरचं लाल कवच. अख्खी गिळायची, उपाशीपोटी."

जाऊ चुलीपुढून म्हणाली, "मी सांगितलं न्हाई. म्हटलं, जाऊबाईंना समदंच ठावं असतंय."

सासूबाई हसल्या. मी तिची माफी मागायला हवी होती. पण गेल्या वर्षीपर्यंत ती माझ्या मागून लावत होती, हे डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी ती शेवटची गोळी तांब्याभर पाण्याबरोबर अख्खी गिळली. मग बांधावर जाऊन बसले आणि पहिली मूठ जाऊच्या हातात दिली. बांधली होती नेहमीपेक्षा घट्ट. सोडायला तिला वेळ लागला.